मेलानोमातील किरणोपचार आणि वैद्यांचे कर्तव्य

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळा असला, तरी तो पुष्कळदा तळपायास वा नखाखाली उद्भवतो. साहजिकच भोवरी अथवा कदर समजून असा रुग्ण प्रथम आपल्याकडे येण्याचा संभव असतो. पुढे जांघेतील लसीकाग्रंथी काढल्यावर किरणोपचार घ्यावेत की नाहीत, हेही तो विश्वासाने आपल्यालाच विचारतो. त्याचे उत्तर पूर्वग्रहावर बेतलेले नसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या तज्ज्ञांच्या पुढाकाराने २००२ ते २००७ या काळात, ग्रंथी काढल्यानंतरही रोग उलटण्याचा धोका अधिक असलेल्या २५० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास ४८ ग्रे किरणमात्रा २० भागांत दिली. दुसऱ्यावर केवळ देखरेख ठेवली. २०१५ मधील अंतिम निष्कर्षानुसार त्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण देखरेखीखालील गटात ३६ टक्के, तर किरणोपचार घेतलेल्यांत २१ टक्के होते. आयुर्मान मात्र वाढले नाही आणि पायावरील सूज वाढली.

यातील अर्धाच भाग उचलून 'आयुष्य वाढत नाही, मग किरण कशाला?' असे सांगणे अन्यायाचे आहे. जांघेत उलटून फुटलेली, वाहणारी गाठ ज्यांनी पाहिली, त्यांस स्थानिक नियंत्रणाचे मोल सांगावयास नको. उलटपक्षी, किरणोपचार सर्वांनाच हवेत असेही नाही. २०११ पासून आलेल्या इम्युनोथेरपीने आयुर्मानात फरक पडला असून, किरणोपचार आता निवडक रुग्णांपुरते उरले आहेत. हा निर्णय कर्करोगतज्ज्ञ व रुग्ण यांनीच घ्यावा.

आपले कर्तव्य निराळे आहे. तळपायावरील संशयित काळा डाग बायॉप्सीवाचून अग्निकर्माने जाळू नये. ग्रंथी काढलेल्या बाजूच्या सुजलेल्या पायावर जलौका, सिरावेध वा तीव्र स्वेदन करू नये. तेथे लहानशा जखमेतूनही जंतुसंसर्ग पसरतो. किरणोपचार चालू असता त्या त्वचेवर तेल वा लेप तज्ज्ञास विचारल्याविना लावू नये. इम्युनोथेरपी घेणाऱ्यास गुळवेलीसारखी औषधे परस्पर देऊ नयेत. यकृतास अपाय झाल्यास तो कशाने झाला, हेच मग उमगत नाही. औषधालयचालकांनीही ध्यानी ठेवावे, की कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

साध्यासाध्यविचार हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. रुग्णास वेळीच योग्य ठिकाणी पाठविणे हीही चिकित्साच होय, हे आपल्या सभासदांनी कृतीतून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.