कानाच्या पडद्याला कूर्चेचा आधार

पेढीवर बसणाऱ्याचे निम्मे काम कानांनी चालते. भाव, वायदा, फोनवरची मागणी, यांतील एक आकडा चुकीचा ऐकू आला तरी व्यवहार फिरतो. असे असूनही वर्षानुवर्षे वाहणारा कान अनेक घरांत कापसाच्या बोळ्याआड झाकला जातो, त्यात कोमट तेल घातले जाते. पडद्याला छिद्र असेल, तर हेच तेल आणि अंघोळीचे पाणी मध्यकर्णात उतरून संसर्ग पुन्हा चेतवते.

कानाचा पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. आघाताने फाटलेला पडदा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. जुनाट संसर्गाने पडलेले छिद्र मात्र सहसा तसेच राहते. ते बुजवण्याच्या शस्त्रक्रियेस टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. १९५० च्या दशकात जर्मन शल्यविशारद व्हुलस्टाइन व त्स्योल्नर यांनी तिचा पाया घातला.

ठिगळासाठी बहुधा कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरण घेतात. पण छिद्र मोठे असेल, आधीचे ठिगळ टिकले नसेल किंवा पडदा आत ओढला जात असेल, तर कूर्चा अधिक भरवशाची ठरते. ती रुग्णाच्याच बाह्यकर्णातून काढतात आणि तासून सुमारे अर्धा मिलिमीटर जाड ठेवतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या पोषणावर ती तग धरते आणि दाबाने सहसा खचत नाही. अशी कडक वस्तू ध्वनी अडवील, ही शंका रास्त होती. परंतु ऐकू येण्याच्या बाबतीत दोन्ही ठिगळांचे परिणाम जवळपास सारखे आढळतात.

एक गोष्ट मात्र आधीच विचारावी. ठिगळ स्वतःच्या देहाचे असले, तरी त्याला आधार देणारा विरघळणारा स्पंज बहुधा जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज असतो. ज्यांना ते मान्य नसेल, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच सर्जनांशी पर्यायांविषयी बोलावे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कानात पाणी जाऊ देऊ नये, नाक जोराने शिंकरू नये आणि विमानप्रवास डॉक्टरांच्या अनुमतीनेच करावा.

‘दिवाळीचा हंगाम सरू दे, मग पाहू’ असे म्हणत कित्येक वर्षे निघून जातात. दुर्गंधीयुक्त स्राव, चक्कर किंवा चेहरा एका बाजूस वाकडा होणे, ही रोग हाडापर्यंत पोहोचल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा एका दिवसाचाही विलंब महाग पडतो.