पोहणे सोडण्याआधी पाणी तपासा

उन्हाळा तोंडावर आला की शहरांतल्या जलतरण तलावांवर नव्या बॅचची नावनोंदणी सुरू होते आणि त्याच दिवसांत घरोघरी एक सल्ला हमखास ऐकू येतो: तुला सायनसचा त्रास आहे, तू पोहायच्या भानगडीत पडू नकोस. सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. चोंदलेले नाक, जड झालेले कपाळ, गालाच्या हाडांतला ठणका, घशात सतत उतरणारा चिकट स्राव हे सगळे ज्याने सोसले आहे, त्याला नाकात पाणी जाण्याची नुसती कल्पनाही नकोशी वाटते. तरीही हा सरसकट सल्ला चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. सायनसच्या बहुतेक रुग्णांना पोहता येते. पोहून त्रास होतो तेव्हा त्याची कारणे वेगवेगळी असतात आणि ती सुटी करून पाहिली की जवळजवळ प्रत्येकावर साधा उपाय निघतो. त्यातले एक कारण तर रुग्णाच्या नाकाइतकेच तलावाच्या पाण्यात असते आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

पोहणे जमत नसेल तर चालावे, त्यात काय एवढे, असे कोणी म्हणेल. ज्याचे गुडघे धड आहेत त्याने जरूर चालावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते आणि तो कोणत्या प्रकारे करायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. पण पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याची झीज झालेल्या, वजन वाढलेल्या किंवा कंबर धरणाऱ्या माणसाला रोज अर्धा तास भरभर चालणे ही शिक्षाच असते. मानेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले तर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा पायांवर येतो. सांध्यांना धक्का न देता हृदय आणि फुप्फुसांना कामाला लावणारे व्यायाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत आणि त्यांत पोहण्याचा क्रमांक वरचा आहे. शिवाय कोणताही दमवणारा व्यायाम सुरू झाला की नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि काही काळ नाक मोकळे होते. नाकाच्या भीतीने व्यायामच सोडणाऱ्याचे नुकसान त्यामुळे दुहेरी असते.

आधी सायनस म्हणजे काय ते पाहू. कपाळात, गालांच्या मागे, दोन डोळ्यांच्या मधोमध आणि त्यामागे खोलवर अशा हाडांतल्या पोकळ्यांच्या चार जोड्या प्रत्येकाला असतात. त्या हवेने भरलेल्या खोल्यांसारख्या आहेत आणि त्यांची नाकात उघडणारी दारे फार अरुंद आहेत. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस सतत हलत राहतात आणि तयार होणारा स्राव दाराकडे ढकलत नेतात. सर्दीने, ॲलर्जीने, वाढलेल्या मांसल गाठींनी किंवा नाकाचा पडदा वाकडा असल्याने दार बंद झाले की स्राव साचतो आणि दुखणे सुरू होते. हा त्रास १२ आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टर त्याला जुनाट सायनसायटिस म्हणतात. पण सायनसचा म्हणून सांगितला जाणारा प्रत्येक त्रास सायनसचा असतोच असे नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सायनसमुळे डोके दुखते असे समजणाऱ्या २,९९१ जणांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या जातीची निघाली. अशा माणसाने पोहणे बंद करून काय साधणार? तलावाबाबत निर्णय घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून निदान पक्के करून घेणे ही पहिली पायरी आहे. ॲलर्जी असलेल्या नाकाला एक उपाय लागतो, गाठी असलेल्याला दुसरा.

निदान पक्के असेल, तर पाणी नाकाला नेमके कसे त्रास देते ते पाहावे लागते. पहिले कारण पाण्याच्या अळणीपणात आहे. आपल्या शरीरातल्या द्रवांची क्षारता साधारण ०.९ टक्का मिठाच्या पाण्याइतकी असते. त्याहून खूप अळणी पाणी नाकात गेले की ते अस्तरात शिरू पाहते, पेशी फुगतात, झोंबते, नाक वाहू लागते. म्हणूनच जलनेती कोमट आणि मीठ घातलेल्या पाण्याने करायची असते आणि तीच गोष्ट साध्या पाण्याने केली तर डोळ्यांतून पाणी येते. हठयोगाच्या परंपरेने षट्कर्मांत घेतलेली ही क्रिया आज युरोपातल्या नाक-सायनस तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही जुनाट सायनसायटिसवरचा उपचार म्हणून आली आहे. म्हणजे नाकात पाणी जाणे ही मूळची अपायकारक गोष्ट नव्हे. कोणते पाणी, किती आणि कोणत्या जोराने जाते यावर सारे अवलंबून आहे.

दुसरे कारण क्लोरीन. जंतू मारायला तो लागतोच, आणि नीट वापरला तर नाकाला फारसा जाचत नाही. खरा उपद्रव त्यापुढच्या रसायनांचा आहे. पोहणाऱ्यांच्या अंगाचा घाम, लघवी, तेल आणि सौंदर्यप्रसाधने यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांतले ट्रायक्लोरामाइन पाण्यातून हवेत उडते आणि डोळे, नाक, घसा चुरचुरायला लावते. तलावाजवळ जाताच येणारा तो उग्र वास स्वच्छतेची खूण आहे, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे: वास जितका उग्र, तितकी पाण्यात माणसांची घाण जास्त. बंदिस्त तलावात हवा खेळती नसेल तर हा वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे पोहणारा जिथे श्वास घेतो तिथेच, साचून राहतो. आपल्याकडे महापालिकांचे बरेचसे तलाव उघड्यावर आहेत, ही सायनसच्या रुग्णाच्या दृष्टीने जमेची बाजू. पण क्लोरीनचे प्रमाण न मोजता अंदाजाने पावडर ओतली जात असेल, तर उघड्या आकाशाचा फायदा फार पुरणार नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. क्लोरीनच्या पाण्यात रोज पोहणाऱ्या खेळाडूंमध्ये नाकाच्या तक्रारी आणि दमा जास्त दिसतो, मग सायनसच्या रुग्णाने हा धोका का पत्करावा? आक्षेपामागचा पुरावा खरा आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००३ मध्ये बंदिस्त तलावातला ट्रायक्लोरामाइन आणि मुलांचा दमा यांचा संबंध मांडला तेव्हा बरीच खळबळ माजली. पण ब्रिटनमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या हजारो मुलांच्या २०११ मधल्या अभ्यासात, पोहणाऱ्या मुलांत दमा वाढल्याचे आढळले नाही. २०१३ मध्ये कोक्रेन या संस्थेने दमा असलेल्या मुलांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. त्यातही पोहण्याचे प्रशिक्षण मुलांना सोसते आणि त्यांची क्षमता वाढते, असेच दिसले. खेळाडूचे उदाहरण सामान्य माणसाला तसेच्या तसे लावता येत नाही, कारण तो वर्षानुवर्षे रोज कित्येक तास पाण्यात असतो आणि प्रत्येक श्वास खोल, पाण्यालगत घेतो. आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास पोहणाऱ्याच्या वाट्याला त्याचा अगदी लहान अंश येतो. त्या खेळाडूंबाबतही एक बोलका तपशील आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी नाकाच्या तक्रारी असलेल्या जलतरणपटूंच्या नाकातल्या पेशी तपासल्या, तेव्हा अनेकांचा दाह ॲलर्जीचा नसून रसायनाने चुरचुरल्याचा निघाला आणि नाकाला क्लिप लावून पोहायला सांगितल्यावर तो ओसरला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ साधा आहे: पोहणे चालू ठेवूनही पाणी नाकाबाहेर ठेवता येते.

ही क्लिप खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि फार महाग नसते. कलात्मक जलतरणातल्या खेळाडू ती लावूनच पाण्यात डोके खाली, पाय वर करतात, तेव्हा ती लावण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. क्लिप नको असेल तर श्वासाची शिस्त लावून घ्यावी. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातून संथ, अखंड श्वास सोडत राहिले की आत यायला पाण्याला वाव मिळत नाही. श्वास रोखून धरला की मिळतो. पाठीवर पोहताना नाकपुड्या आकाशाकडे असतात आणि पाणी सर्वांत सहज आत उतरते, म्हणून तो प्रकार सायनसवाल्याने शेवटी शिकावा. डोके पाण्यावर ठेवून केलेला ब्रेस्टस्ट्रोक सुरुवातीला बरा. उंचावरून सूर मारणे आणि मुटका मारणे मात्र सोडूनच द्यावे, कारण तेव्हा पाणी जोराने वर घुसते. आणि इथेच तिसरे कारण येते, ते म्हणजे दाब. पाण्यात दर मीटर खोलीला हवेच्या दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची भर पडते. तीन मीटर खोल तळ गाठला की दाब जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. सायनसचे दार उघडे असेल तर आतला-बाहेरचा दाब आपोआप सारखा होतो. बंद असेल तर कपाळात कळ जाते, कधी नाकातून रक्तही येते. पृष्ठभागावर पोहणाऱ्याला हा धोका नाही. समुद्रात सिलिंडर घेऊन बुडी मारायची हौस असेल, तर चोंदलेल्या नाकाने ती कदापि करू नये. मालवणच्या किनाऱ्यावर स्कुबासाठी जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

जुन्या पिढीचा आक्षेप वेगळा असतो: गार पाण्याने कफ वाढतो. गारव्याने नाक वाहू लागते, हा अनुभव खरा आहे आणि तो धुडकावण्यात शहाणपण नाही. पण गारवा स्वतः जंतुसंसर्ग करत नाही. पहाटेच्या बॅचऐवजी ऊन तापल्यावरची वेळ निवडणे, बाहेर येताच डोके कोरडे करणे, ओल्या अंगाने दुचाकीवर वारा न खाणे एवढ्याने त्रास पुष्कळ कमी होतो. मग क्लोरीनच नको, गावची विहीर किंवा समुद्र बरा, असे काहींना वाटते. समुद्राचे पाणी सुमारे साडेतीन टक्के खारट, म्हणजे शरीरातल्या द्रवांच्या जवळपास चौपट. तेही नाकाला झोंबते, आणि मुंबईलगतच्या किनाऱ्यांवर सांडपाण्याचा प्रश्न आहेच. साठलेल्या, कोमट गोड्या पाण्यात तर नीग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटेच मेंदूपर्यंत पोहोचतो. असा संसर्ग अत्यंत दुर्मीळ, पण झाला तर बहुतेक वेळा प्राणघातक. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अशा अमीबांमुळे झालेल्या मेंदूज्वराने काही बळी घेतले आणि तिथल्या सरकारला तळी-विहिरींबाबत इशारे द्यावे लागले. योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन तेवढा असेलच असे नाही. म्हणून पोहून झाल्यावर घरी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे असेल, आणि ते उपयोगी आहेच, तर पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे, थेट नळाचे नाही. नाक मोकळे करणारे थेंब घालून पाण्यात उतरण्याची सवय मात्र नको. हे थेंब आठवडाभराहून अधिक वापरले तर थांबवल्यावर नाक आणखी चोंदते.

पाण्यापासून दूर राहण्याचे दिवसही असतात. ताप, पिवळा-हिरवा घट्ट स्राव आणि चेहऱ्यावर वेदना असताना, सायनसची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर परवानगी देईपर्यंत, कानाच्या पडद्याला छिद्र असताना पोहू नये. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसण्यात फरक पडला तर तडक रुग्णालय गाठावे. ही तात्पुरती बंदी आहे. आपण ती जन्मभराची करून टाकतो, हे माझे दुखणे आहे.

उरतो तो तलावाचा वाटा. रुग्णाने क्लिप लावली, श्वास शिकला, निदान करून घेतले, तरी क्लोरामाइनने भरलेली हवा तो एकटा शुद्ध करू शकत नाही. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवरखाली उभे राहायला सांगते, कारण अंगावरची बरीचशी घाण तेवढ्याने जाते. पाण्याचा पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान आणि मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम असावा, असेही ती म्हणते. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोचे जलतरण तलावाच्या पाण्यासाठी स्वतंत्र मानक आहे. हे आकडे मोजायला साधे किट पुरते आणि फळ्यावर लिहायला खडू. प्रत्येक सार्वजनिक तलावाने दिवसातून दोनदा ते प्रवेशद्वाराशी लिहावेत आणि आंघोळ केल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. लहान मुलांना वेळोवेळी लघवीला बाहेर न्यावे आणि मोठ्यांनी पाण्यात लघवी करणे हा दुसऱ्याच्या श्वासावरचा अत्याचार आहे, हे समजून घ्यावे. सायनस असलेला माणूस हे मागतो तेव्हा तो स्वतःसाठी सवलत मागत नसतो. दम्याचे मूल, रोज आठ तास काठावर उभा असलेला जीवरक्षक, पाण्यात व्यायाम करणाऱ्या आजी या सगळ्यांच्या वतीने तो बोलत असतो. तेव्हा तलावाच्या खिडकीशी अर्ज भरताना त्याने आजचा क्लोरीन किती आणि पीएच किती हे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.