चिकूचा चीक आणि ‘नैसर्गिक’ची किंमत

मोठ्या शहरांतील काही दुकानांत अलीकडे ‘नैसर्गिक’ किंवा ‘वनस्पतिजन्य’ असे बिरुद लावलेला च्युइंग गम दिसू लागला आहे. पानाच्या टपरीवर रुपयाला एक मिळणाऱ्या नेहमीच्या गमपेक्षा त्याची किंमत कित्येक पटींनी अधिक असते. तरीही आपण प्लॅस्टिक चघळत नाही, एवढ्या समाधानासाठी तो घेऊन पाहणारे ग्राहक आहेत. वस्तू क्षुल्लक आहे. परंतु ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी मोजलेले जादा पैसे नेमके कशासाठी मोजले जातात आणि कोणाच्या पदरात पडतात, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

नेहमीच्या गमचा चघळता येणारा भाग साखरेचा नसतो आणि झाडाच्या डिंकाचाही नसतो. बाभळीचा डिंक तोंडात विरघळतो. गम विरघळत नाही, कारण त्याचे मूळ द्रव्य खनिज तेलापासून बनवलेले संश्लिष्ट बहुवारिक असते. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पॉलिआयसोब्युटिलीन ही त्यांतील काही नावे. वेष्टनावर मात्र ही नावे येत नाहीत. ‘गम बेस’ हे दोन शब्द छापले की उत्पादकाचे काम भागते. आपण काय चघळतो आहोत, हे ठाऊक नसलेला ग्राहक म्हणूनच बहुसंख्य आहे.

रबराऐवजी गम

हे नेहमीच असे नव्हते. आधुनिक च्युइंग गमचा जन्मच मुळी झाडाच्या चिकातून झाला आणि ते झाड मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे चिकू. दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला आणि बेलीझ येथील अरण्यांत हे झाड मूळचे. त्याच्या खोडातील दुधाळ चिकाला तेथे ‘चिक्ले’ म्हणतात. मराठीतील ‘चीक’ या शब्दाशी त्याचे साम्य हा योगायोग असला, तरी लक्षात राहण्याजोगा आहे. माया आणि ॲझ्टेक लोक हा चीक शतकानुशतके चघळत आले. १८६० नंतरच्या दशकात मेक्सिकोचा पदच्युत सेनानी सान्ता ॲना न्यूयॉर्कजवळ आश्रयाला राहिला, तेव्हा त्याच्यामार्फत हा माल थॉमस ॲडम्स या उद्योगी माणसाच्या हाती पडला. चिकापासून स्वस्त रबर करावे, हा मूळ बेत. तो फसला आणि उरलेल्या मालाचे काय करायचे या विवंचनेतून च्युइंग गम निघाला. १८७१ मध्ये ॲडम्सने गम बनविण्याच्या यंत्राचे एकस्व मिळविले. पुढे रिग्लीसारख्या उत्पादकांनी जाहिरातीच्या बळावर ही सवय जगभर नेली.

मागणी वाढली आणि तिचा भार अरण्यावर पडला. चिकू हे सावकाश वाढणारे झाड. पावसाळ्यात ‘चिक्लेरो’ मजूर दोरीच्या आधाराने उंच खोडावर चढतो, कोयत्याने नागमोडी खाचा पाडतो आणि ओघळणारा चीक बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमा करतो. एका झाडापासून एका वेळी सुमारे किलोभर माल मिळतो आणि त्यानंतर झाडाला काही वर्षे विश्रांती द्यावी लागते. भाव चढले की ही विश्रांती कोण देणार? खाचा खोल गेल्या, पाळी लवकर आली आणि असंख्य झाडे वाळली.

उचल आणि कोयता

माणसांचे हालही काही कमी नव्हते. वाळूमाशीच्या दंशाने होणाऱ्या, कानाची पाळी झिजवणाऱ्या व्रणाला वैद्यकात चिक्लेरोचेच नाव मिळाले आहे. कंत्राटदार हंगामापूर्वी मजुराला आगाऊ रक्कम देई आणि ती फेडता फेडता हंगाम संपून जाई. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कामगारांची ‘उचल’ ज्याला माहीत आहे, त्याला ही रीत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. तेथेही कोयता, येथेही कोयता. आणि दोन्हीकडे मुकादम.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात गमचा समावेश झाला आणि चिकाला उदंड मागणी आली. पण कृत्रिम रबराचे तंत्रही युद्धानेच पुढे नेले. युद्धानंतर उत्पादक स्वस्त, एकसारख्या आणि हंगामावर न विसंबणाऱ्या संश्लिष्ट द्रव्याकडे वळले. पुढील दोन दशकांत चिकाचा धंदा जवळजवळ बसला. या पडझडीनंतर मेक्सिकोतील चिक्लेरोंच्या सहकारी संस्थांनी कच्चा चीक परक्या कारखानदाराला विकण्याऐवजी स्वतःच गम तयार करण्याचे ठरविले. ‘चिक्झा’ या नावाचा त्यांचा गम २००९ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आला. कच्चा माल विकणारा गरीब राहतो आणि पक्का माल करणारा सावरतो, हे सूत्र १९५० मध्ये प्रवरानगरचा साखर कारखाना उभा करणाऱ्या शेतकऱ्यांना उमगले होते. तेच येथे अरण्यातील मजुराला उमगले. शिवाय झाड उभे राहिले तरच उत्पन्न, असा व्यवहार असल्यामुळे जंगल राखण्यात चिक्लेरोचा स्वतःचा स्वार्थ गुंतला. नैसर्गिक गमच्या बाजूने करता येणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

निळीचा धडा

मात्र हा युक्तिवाद ‘नैसर्गिक’ या शब्दाचा नव्हे. भारतीयांनी हा भेद विसरता कामा नये. बंगालची नीळ पूर्णतः वनस्पतिजन्य होती. पण ती पिकविणाऱ्या रयतेवर कोणता प्रसंग गुदरला, हे १८६० च्या ‘नीलदर्पण’ नाटकाने जगापुढे मांडले. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि नैसर्गिक निळीचा व्यापार कोसळला. त्या पडत्या धंद्याचा बोजाही मळेवाल्यांनी चंपारणच्या कुळांवरच टाकला आणि १९१७ मध्ये गांधीजींना तेथे जावे लागले. वस्तू झाडाची आहे एवढ्यावरून ती न्यायाची ठरत नाही. आपल्याकडील कांडोळाचा डिंकही नैसर्गिकच आहे. पण अविचाराने घाव घातल्यामुळे कांडोळाची किती झाडे मेली, हे वनप्रदेशातील आदिवासी सांगू शकतील.

आरोग्याचा दावाही तपासून घेतला पाहिजे. २०२५ मध्ये लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच संश्लिष्ट आणि पाच नैसर्गिक गमांची तपासणी केली. एक ग्रॅम गममधून सरासरी शंभर सूक्ष्म प्लॅस्टिककण लाळेत उतरतात, असे त्यांना आढळले. आणि नैसर्गिक म्हणविणाऱ्या गमांतही हे प्रमाण जवळपास तेवढेच होते. प्रयोग छोटा आणि प्राथमिक आहे. या कणांनी शरीराला अपाय होतोच, असेही त्याने सिद्ध केलेले नाही. तथापि केवळ प्लॅस्टिक टाळण्यासाठी चढा भाव देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

चिकूच्या बागा आपल्याकडेही आहेत, मग डहाणू-घोलवडच्या शेतकऱ्याने चीक का काढू नये, असा उत्साही प्रश्न कोणी विचारील. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते फळासाठी. तेथील झाडे खिरणीच्या खुंटावर बांधलेली कलमे आहेत. अरण्यातील उंच, जुनाट वृक्ष नव्हेत. खोडाला घाव घालून फळाचे हमखास उत्पन्न धोक्यात घालणे हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरेल.

झाडलोटीचा खर्च

किमतीची दुसरी बाजू रस्त्यावर चिकटलेली असते. संश्लिष्ट गम कुजत नाही. तो फरशीला, बाकाला, बसच्या आसनाला घट्ट बसतो. ब्रिटनमधील स्थानिक संस्थांना तो खरवडण्यासाठी वर्षाकाठी सुमारे सत्तर लाख पौंड खर्च येतो, असा तेथील अंदाज आहे. सिंगापूरने १९९२ मध्ये गमच्या विक्रीवर बंदीच घातली आणि २००४ पासून औषधी उपयोगाच्या गमपुरती ती सैल केली. ब्रिटनने निराळा मार्ग धरला. २०२१ मध्ये बड्या गम उत्पादकांनी पाच वर्षांत एक कोटी पौंडांपर्यंत रक्कम सफाईसाठी देण्याचे मान्य केले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य खर्च होय. गम रुपयाला मिळतो तो स्वस्त असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या किमतीचा एक हिस्सा नगरपालिकेचा झाडूवाला आपल्या कंबरेने भरतो म्हणून. आपल्याकडे प्लॅस्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०१६ पासून आहेत. २०२२ मध्ये त्यांचा तपशीलही ठरला. वेष्टनाचा कागद नियमात आला, पण आतला न कुजणारा गोळा मात्र निसटला.

यावर उपाय अवघड नाहीत. ‘गम बेस’ या पडद्याआड काय आहे ते वेष्टनावर छापण्याची सक्ती व्हावी. ‘वनस्पतिजन्य’ हे विशेषण गोडीला लागू आहे, वासाला की मूळ द्रव्याला, हे उत्पादकाने स्पष्ट करावे. सफाईच्या खर्चातील वाटाही त्याच्याकडून घ्यावा. संश्लिष्ट गमची खरी किंमत अशी पुढे आली, तर चिकाचा गम आज दिसतो तितका महाग दिसणार नाही आणि निवड करणे ग्राहकाला सोपे जाईल.

तोवर नैसर्गिक गम जरूर करून पाहावा. पण वेष्टनावरील हिरव्या पानाचे चित्र पाहून नव्हे. आत काय आहे, पैसा कोणाला मिळतो आणि चोथा कोण उचलतो, या तीन प्रश्नांची उत्तरे जो गम देईल त्याला जादा पैसे द्यायला हरकत नाही. जो देणार नाही, त्याच्यापेक्षा जेवणानंतरची चिमूटभर बडीशेप बरी. तीही वनस्पतिजन्यच आहे आणि तिचा डाग खरवडायला कोणाला वाकावे लागत नाही.