जुन्या आजारात नैराश्याची गोळी

नैराश्यावरच्या औषधांचे दुष्परिणाम आणि दीर्घ आजाराची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की कुठले कशाचे हे सांगणे अवघड होते. सिकलसेलचा रुग्ण आधीच थकलेला असतो, क्षयाच्या रुग्णाची भूक गेलेली असते, मधुमेहाच्या रुग्णाच्या तळपायांची रात्रभर आग होते. अशा शरीरात फ्लुऑक्सेटिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम गेले की मळमळ, घाम, झोपमोड आणि जिवाची उलघाल यांची भर पडते. मग रुग्ण ‘गोळी गरम पडली’ म्हणून ती सोडून देतो, नाहीतर डॉक्टर दुष्परिणामालाच नवा आजार समजून आणखी एक गोळी लिहितो. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीसारख्या तालुक्यात, जिथे मनोविकारतज्ज्ञाला भेटण्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, तिथे ही गुंतागुंत सोडवणे ग्रामीण रुग्णालयातल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाच भाग आहे. त्याच्या हाती एक भक्कम आधार असतो: रुग्णाच्या आधीच्या औषधांचा कागद. नैराश्यावर कोणती गोळी द्यायची, हे बहुतेक वेळा त्या कागदावरूनच ठरायला हवे.

या औषधांचा उगमच एका दीर्घ आजारात आहे. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयरुग्णांना इप्रोनियाझिड दिले गेले, तेव्हा फुप्फुसांबरोबर त्यांची मनेही उभारी धरू लागल्याचे दिसले. नैराश्यावरचे पहिले आधुनिक औषध ते हेच. यकृताला होणाऱ्या इजेमुळे काही वर्षांतच ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले.

आजच्या औषधांत त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, अस्वस्थता हे सारे पहिल्या काही दिवसांत सुरू होते आणि बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मनावरचा परिणाम जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या दिवसांबद्दल रुग्णाला आधीच बजावले नसेल तर तो औषध सोडणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. डोस अर्ध्यापासून सुरू करावा, गोळी सकाळी जेवणानंतर घ्यायला सांगावी आणि आशाताईला दहाव्या दिवशी घरी जाऊन विचारपूस करायला सांगावे. त्याहून मोलाचे म्हणजे पहिली गोळी देण्याआधी रुग्णाची झोप, भूक, शौच, घाम, चक्कर आणि थकवा कसा आहे हे केसपेपरवर चार ओळींत लिहून ठेवणे. महिन्याभराने आलेली तक्रार नवी की जुनी, हे त्या ओळींवाचून कळत नाही. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यांच्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात सर्वांत जास्त लक्ष सिकलसेलच्या रुग्णाकडे द्यावे लागते. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. तपासणी वाढली, कार्डे वाटली गेली, पण वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या तरुणाच्या मनाचा विचार अजून मागेच आहे. त्याला नैराश्याची गोळी सुरू करताना दुखण्यावर तो काय घेतो हे आधी पाहावे. ट्रॅमाडॉल चालू असेल तर फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन दोन बाजूंनी घात करतात. यकृतातल्या ज्या विकराने ट्रॅमाडॉलचे वेदनाशामक रूप तयार होते तेच ही औषधे अडवतात, म्हणून दुखणे थांबत नाही. दुसरीकडे सेरोटोनिनचा अतिरेक आणि झटके यांचा धोका वाढतो. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. संरक्षण म्हणून ओमेप्रॅझोल दिले तर एस्सिटॅलोप्रॅमची रक्तातली पातळी चढते, त्यामुळे पँटोप्रॅझोल बरे. झोप येत नाही म्हणून ट्रॅझोडोन लिहिण्याची सवय सिकलसेलच्या पुरुष रुग्णाबाबत पूर्णपणे सोडावी. लिंगाची वेदनादायक, न ओसरणारी ताठरता हा त्या आजाराचा धोका आहेच, आणि ट्रॅझोडोनही तीच आपत्ती ओढवते. साध्या जुलाब-उलट्यांकडेही या रुग्णांत दुर्लक्ष नको. शरीरात पाणी कमी पडले की तीव्र वेदनांचा झटका, म्हणजे क्रायसिस, सुरू होतो.

क्षयाच्या उपचारात अडचण वेगळी. रिफॅम्पिसिन यकृतातली विकरे चेतवते आणि सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे लवकर शरीराबाहेर जातात. गुण येत नाही म्हणून डोस वाढवला जातो. क्षयाचा कोर्स संपल्यावर साधारण दोन आठवड्यांत हा परिणाम मावळतो आणि तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. तेव्हा रिफॅम्पिसिन थांबण्याची तारीख नैराश्याच्या केसपेपरवरही असायला हवी. आयसोनियाझिडमुळे पायांची आग होत असेल तर आधी पायरिडॉक्सिन पाहावे, लगेच अमिट्रिप्टिलिनकडे वळू नये. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात लिनेझोलिड सहा-सहा महिने चालते. ते स्वतः सौम्य मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक आहे. नैराश्याच्या चालू गोळीवर ते चढवण्याआधी मनोविकारतज्ज्ञाशी बोलणे अनिवार्य समजावे. फ्लुऑक्सेटिनचा अंमल तर बंद केल्यावरही पाच आठवडे राहतो. त्याच उपचारातली बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिन ईसीजीतले क्यूटी अंतर वाढवतात. एस्सिटॅलोप्रॅमही तेच करते.

सेरोटोनिनच्या अतिरेकात ताप, थरथर, घाम आणि घालमेल एकत्र येतात. मलेरियाच्या जिल्ह्यात असा रुग्ण थंडी वाजून तापलेला म्हणूनच पाहिला जातो. रक्ताची तपासणी करावीच, पण त्याच वेळी पाऊल झटक्यात वर ढकलून घोट्याचा ठेका, म्हणजे क्लोनस, मिळतो का आणि गुडघ्याचे प्रतिक्षेप उसळते आहेत का हेही पाहावे. जुलाब, विस्फारलेल्या बाहुल्या आणि हातांपेक्षा पायांत जास्त असलेला ताठरपणा निदान पक्के करतात. संबंधित औषधे तत्काळ थांबवणे, अंग थंड ठेवणे, डायझेपाम किंवा लोराझेपाम देणे आणि रुग्णाला जिल्हा रुग्णालयात हलवणे, हा उपचाराचा क्रम.

मलेरियाच्या उपचारातही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्लोरोक्विन क्यूटी अंतर वाढवते, म्हणून हृदयविकार असलेल्या किंवा एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या रुग्णाचा ईसीजी काढलेला बरा. व्हायवॅक्सवरचे प्रायमाक्विन यकृतात रूपांतर झाल्यावरच काम करते, आणि हे रूपांतर करणारे विकर फ्लुऑक्सेटिन व पॅरॉक्सेटिन अडवतात. चौदा दिवसांचा कोर्स नीट घेऊनही व्हायवॅक्स पुन्हा उलटला, तर रुग्णाने गोळ्या टाकल्या असा आरोप करण्याआधी औषधांचा कागद पाहावा.

रक्तदाबाच्या रुग्णाला उपचाराच्या पुढच्या पायरीवर क्लोरथॅलिडोन मिळते, आणि त्यावर नैराश्याची गोळी पडली की रक्तातले सोडियम उतरू शकते. वयस्कर, बारीक अंगाच्या बाईत हा धोका सर्वाधिक, आणि तो पहिल्या महिन्यातच दिसतो: डोके दुखणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, कधी झटका. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या सगळ्याला ‘ऊन लागलं’ एवढे एकच नाव मिळते. एप्रिल-मेमध्ये औषध सुरू करायचे असेल तर आधी आणि दोन आठवड्यांनी सोडियम तपासणे हा वायफळ खर्च नाही. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन रक्तदाब चढवतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला ट्रायसायक्लिक औषधे टाळावीत. सर्ट्रालिन अशा रुग्णांत सुरक्षित असल्याचे २००२ च्या ‘सॅडहार्ट’ अभ्यासाने दाखवले. मधुमेहात फ्लुऑक्सेटिन साखर थोडी उतरवू शकते, मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन वजन वाढवतात.

अमिट्रिप्टिलिनबद्दल थोडे अधिक लिहिणे गरजेचे आहे, कारण ते स्वस्त आहे आणि सहज मिळते. पायांच्या आगीसाठी १० ते २५ मिलिग्रॅम रात्री पुरते. तो डोस नैराश्याला पुरत नाही, आणि नैराश्याचा पुरेसा डोस दीर्घ आजारी शरीराला पेलतोच असे नाही. तोंडाला कोरड पडते, खर्रा चघळणाऱ्याच्या आधीच खराब झालेल्या तोंडात ती आणखी जाचते. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याची लघवी अडते. घाम कमी येतो आणि भर उन्हात अंग तापते. अंथरुणातून उठताना भोवळ येते. तेंदूपत्त्याच्या हंगामात घरातली सगळी माणसे पहाट फुटण्याआधी जंगलात निघतात. रात्री अकराला घेतलेली गोळी त्या वेळी डोक्यात असतेच. ती संध्याकाळी सात-आठला घ्यायला सांगितली तर निम्मा त्रास टळतो. रुग्ण कामावर कधी निघतो, हे विचारल्याशिवाय गोळीची वेळ लिहू नये.

लैंगिक तक्रार या औषधांत वारंवार येते आणि ती आपण होऊन बहुधा कोणी सांगत नाही. इच्छा मंदावणे, वीर्यपतनाला उशीर, समाधान न मिळणे यांबद्दल डॉक्टरनेच विचारले पाहिजे. स्त्रियांना आरोग्यसेविकेने एकांतात विचारावे. गोंडी, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या घरांत प्रश्न त्यांच्या भाषेत आणि नात्यातला माणूस मध्ये न घेता विचारला जावा. त्रास असेल तर डोस कमी करणे किंवा मिर्टाझापिनसारख्या औषधाकडे वळणे हा मार्ग आहे.

दुष्परिणामाचा शेवटचा प्रकार औषध थांबण्यातून येतो. बरे वाटू लागल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावे आणि नंतर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावे. या जिल्ह्यात मात्र ते पुष्कळदा पावसामुळे तुटते. नाल्यांना पूर आला की रस्ते बंद होतात. रोवणीच्या दिवसांत दवाखान्यात यायला कुणाला सवड नसते. म्हणून जूनमध्ये दोन महिन्यांचा साठा देणे योग्य, पण अमिट्रिप्टिलिनचा एवढा साठा खचलेल्या माणसाच्या हाती देऊ नये. एकदम घेतलेल्या गोळ्या हृदयाची लय बिघडवून जीव घेतात. तो साठा घरातल्या जबाबदार माणसाकडे द्यावा, किंवा आशाताईने दर आठवड्याला पुरता द्यावा. औषध तुटण्याच्या बाबतीत फ्लुऑक्सेटिन तुलनेने निर्धोक आहे. त्याचा अंमल लांब टिकत असल्याने दोन-चार दिवसांच्या खंडाने फारसे बिघडत नाही. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम तुटले तर दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, मळमळ आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होते. नैराश्यच परतले असे समजून डोस वाढवण्याची घाई होते. जुना डोस पुन्हा दिल्यावर हा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. परतलेले नैराश्य आठवड्यांनी, हळूहळू येते आणि इतक्या लवकर हटत नाही.