‘संसार सांभाळून’ म्हणजे काय?

दोन वर्षांपूर्वी माझ्या कादंबरीच्या निमित्ताने चांदवडमध्ये आपल्या मंडळींनी एक छोटा सत्कार केला. कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, “नोकरी, प्रपंच आणि लेखन यांचा मेळ कसा घातलात?” मी उत्साहाने सांगितले की, पहाटे चारला उठतो, सातपर्यंत लिहितो आणि मग शाळेत जातो. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक भगिनी वही घेऊन आल्या. दोन मुले, सासूचे आजारपण आणि दिवसभर कांद्याच्या शेतातले कष्ट, अशा व्यापात त्यांनी एका कादंबरीची चाळीस पाने लिहिली होती. पाने जिवंत होती. मी म्हणालो, “छान आहे. संसार सांभाळून लिहीत राहा.” त्या हसल्या आणि वही घेऊन गेल्या. ती वही मला पुन्हा दिसलेली नाही.

वाचकहो, तो सल्ला मी आज जाहीरपणे मागे घेत आहे. आपल्या समाजात तो फार सहजपणे दिला जातो, म्हणून त्याच्याशी माझे भांडणही आहे.

माझे पहाटे चारचे उत्तर अर्धेच खरे होते. सात वाजता मी टेबलावरून उठे, तेव्हा डबा भरलेला असे, मुले आंघोळी करून तयार असत आणि आईचे औषध दिलेले असे. मेळ माझ्या पत्नीने घातला होता. टाळ्या मी घेतल्या. पुरुषाला हा प्रश्न कौतुकाने विचारला जातो. स्त्रीला ‘संसार सांभाळून’ असे सांगितले जाते, तेव्हा ती अट असते.

यावर लक्ष्मीबाई टिळकांचा दाखला हमखास पुढे येतो. त्या आपल्याच नाशिक जिल्ह्यातील जलालपूरच्या. त्यांनी नाही का संसार करून लिहिले? हा दाखला देणाऱ्यांनी सनावळी पाहावी. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तले. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये त्याही गेल्या. टिळकांच्या हयातीत त्यांनी कविता केल्या. परंतु ज्या गद्यासाठी मराठी वाचक त्यांना वंदन करतो, ते साठी उलटल्यावर हाती लागले. त्याला संसार सांभाळून लिहिणे म्हणायचे की संसार आटोपून?

आता दुसरे नाव घ्या. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ चा, आणि मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली १८५७ मध्ये. तेव्हा त्यांचे वय सव्वीसच्या आसपास होते. विषय होता विधवांचे दुःख. पदमनजींची कळकळ खरी होती, त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु स्त्रीचे दुःख पुरुषाने सव्विसाव्या वर्षी लिहावे आणि स्त्रीने स्वतःचे आयुष्य लिहायला पासष्टी गाठावी, हा फरक बुद्धीचा नाही. तो मोकळ्या तासांचा आहे.

कादंबरीच्या बाबतीत हे तास अधिकच मोलाचे असतात. ओवी जात्यावर सुचते, कविता भाकरी थापताना मनात घोळवता येते. कादंबरीत पंधरावीस माणसे एकाच वेळी मनात नांदवावी लागतात. आठ दिवस खंड पडला की ती बोलेनाशी होतात, आणि त्यांना पुन्हा बोलते करण्यातच पुढचे आठ दिवस जातात.

“निष्ठा असली की वेळ मिळतो,” असे काही जण म्हणतात. वेळ कोणालाच मिळत नाही, तो कोणीतरी देतो. “मग आईने काय मुले उपाशी ठेवून लिहायचे?” असाही सवाल येईल. मुले उपाशी राहू नयेत हे खरेच. पण त्यांना बापही आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया आपण शेकडो वेळा ऐकल्या आहेत. मरियेने चांगला वाटा निवडला, असे प्रभू म्हणाला आणि तो वाटा तिच्याकडून काढून घेऊ दिला नाही. आपण मात्र घरोघरी नेमके तेच करतो. मार्थेची तक्रारही खोटी नव्हती. काम खरेच होते. पण त्या घरात बसलेल्या पुरुषांपैकी एखाद्याने उठून तिला हात का लावू नये, हा प्रश्न आपल्याला कधी पडलेला नाही.

चांदवडच्या रंगमहालातील कोरीव लाकूडकाम पाहायला लोक लांबून येतात. कारागिराचे कौतुक होते. तो कोरीत बसला असताना त्याच्या घरची चूल कोणी पेटती ठेवली, हे कोणत्याच खांबावर कोरलेले नाही. माझ्या कादंबरीवरही ते छापलेले नाही.

म्हणून मागणी साधी आहे. रविवारी मिस्सेनंतरचे तीन तास लिहिणाऱ्या भगिनीला द्यावेत. त्या वेळी स्वयंपाक, भांडी आणि आजाऱ्याची उठबस घरच्या पुरुषांनी पाहावी. सभागृहात एक टेबल आणि एक खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवावी. याला खर्च नाही. अभिमान थोडा खर्ची पडेल.

आमच्या घरी गेल्या आगमनकाळापासून रविवारचा स्वयंपाक मी करतो. वरण पातळ होते. पत्नीने अजून काही लिहिलेले नाही. ती त्या वेळात झोपते. ती झोप माझ्या कादंबरीच्या खात्यावरची जुनी बाकी आहे, आणि ती फेडायला मला बरेच रविवार लागणार आहेत. वहीवाल्या भगिनीने हे वाचले असेल, तर तिने एकेचाळिसावे पान लिहावे. तिच्या घरच्यांनी हे वाचले असेल, तर अधिक बरे.