शिक्षा एकाला, तुरुंग साऱ्या घराला

वाळवा तालुक्याला तुरुंग हा शब्द नवा नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले. भूमिगतांच्या भाकरीची सोय तेव्हा गावोगावच्या मायबहिणींनी केली. ज्या घरचा माणूस आत, त्या घराला गावात मान होता.

ऐंशी वर्षांत शब्द तोच राहिला, पण त्याची सावली बदलली. इस्लामपूर, म्हणजे आताच्या ईश्वरपूरच्या परिसरात बांधाच्या भांडणातून एखाद्याच्या हातून नको ते घडते आणि तो आत जातो. त्यानंतर त्याच्या घराकडे पाहण्याची गावाची नजर पालटते. बहिणीची सोयरीक अडते. भावकी हळदीकुंकवाचे बोलावणे टाळते. ‘बाबा मुंबईला कामाला आहेत’ असे सांगायला आई पोराला शिकवते आणि पोर ते शिकतेही. न्यायालयाने शिक्षा एकाला दिलेली असते. भोगते सारे घर.

खटला चालू असेतो माणूस बहुधा सांगलीला असतो. मोठी शिक्षा लागली की कोल्हापूरचे कळंबा किंवा पुण्याचे येरवडा. २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले, हा त्यातल्या त्यात दिलासा. तरीही मजुरी बुडवून जायचे, नाव नोंदवायचे, ओळखपत्र दाखवायचे, पाळीची वाट पाहायची आणि मग काही मिनिटांची मुलाखत. तेवढ्यात बोलायचे तरी काय? ऊस कारखान्याला गेला का, म्हातारीचे दुखणे कसे आहे, पोरगा पास झाला का. वकिलाचे काय झाले हे विचारेपर्यंत वेळ संपलेली असते.

आतल्या माणसाला मात्र तेवढी शिदोरी पुढच्या भेटीपर्यंत पुरवावी लागते. पहाटेची गिनती, ठरल्या वेळी चहा आणि भाकरी, दिवसभर नेमून दिलेले काम, संध्याकाळी लवकर बराकीला कुलूप. अशा दिवसांत काल आणि उद्या यांत फरक उरत नाही. बाहेरचे पत्र आले की त्या दिवसाला नाव मिळते.

आत असलेले सगळेच गुन्हेगार ठरलेले असतात, ही आपली आणखी एक समजूत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांचा निकाल लागायचाच होता.

कायदा या बाबतीत समाजापेक्षा उदार ठरला आहे. कुटुंबीयांना भेटणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात सांगितले. करोनाच्या काळात दृक्‌श्राव्य भेटी रुजल्या. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डावर चालणारे दूरध्वनी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले. ‘गळाभेट’ उपक्रमात जाळी बाजूला सारून मुलांना बापाला मिठी मारता येते. २०२२ च्या महाराष्ट्र दिनी राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ योजना आणली. आत काम करणाऱ्या बंद्याला घरच्या अडचणीसाठी ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले.

पण या सोयींचा उपयोग कुणाला? ज्याचे बाहेर कुणी आहे, त्यालाच. संचित रजा हवी तर नातेवाइकाची हमी लागते, गावाकडून पोलिसांचा अहवाल लागतो. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार न मिळाल्याने माणूस आतच राहतो. घराने आणि गावाने हात झटकले, तर न्यायाधीशाने उघडलेले दारही त्याच्यापुरते बंदच.

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात एकदा सापडले होते. १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. कैद्यांना जमीन दिली, विश्वास दिला आणि मुख्य म्हणजे बायकापोरांसह राहू दिले. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून उतरलेली या प्रयोगाची कथा शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये जगाला दाखवली. पुढे ही वसाहत राज्याच्या कारागृह खात्याकडे आली, पण तिचा लाभ मूठभर बंद्यांनाच मिळाला. चित्रपट आपण डोक्यावर घेतला; प्रयोग मात्र माळावरच राहिला.

‘आणि ज्याचा माणूस मारला गेला त्याच्या घराचे काय?’ हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. त्या घराचे दुःख मोठे आहे, त्याला आधार आणि भरपाई मिळालीच पाहिजे. पण गुन्हेगाराच्या पोराला वाळीत टाकून त्या दुःखाचा भार हलका होत नाही. आणि जन्मठेपेचा माणूसही बहुधा एक दिवस सुटतो. तो परत येतो तो याच वेशीतून. ज्याला वर्षानुवर्षे कुणी पत्र लिहिले नाही, तो कुणाच्या भरवशावर सरळ वागणार? धागा जपणे ही दया नव्हे, गावाची स्वतःसाठी केलेली तरतूद आहे.

फार मोठे काही करायचे नाही. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. हे त्याच्या आईला कुणीतरी सांगावे आणि विधी सेवा समितीच्या कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जावे. शिक्षकांनी त्या पोराला वर्गात सांभाळावे. सणाला त्या घरी ताट जावे. मुलाखतीच्या दिवशी भल्या पहाटे एस.टी. स्थानकावर डोक्यावरचा पदर पुढे ओढून, तोंड चुकवत उभी असलेली ती बाई आपल्यापैकी कुणाची तरी शेजारीण असते. ‘कुठं निघालीस?’ असे न विचारता ‘त्याला आमचा निरोप सांग’ एवढे जरी आपण म्हणालो, तरी त्या दिवशी तिला काही मिनिटांत सांगण्यासारखे एक चांगले वाक्य मिळेल.