भीतीचें मोल

दिवेआगराहून श्रीवर्धनास समुद्रकांठच्या रस्त्यानें जातांना शेखाडी नांवाचें एक लहानसें गांव लागतें. १९९३ सालच्या जानेवारी-फेब्रुवारींत येथें व दिघीस चोरट्या होड्यांतून स्फोटकें व शस्त्रें उतरलीं. पुढें १२ मार्च रोजीं शेअरबाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार अशा मुंबईच्या ठिकठिकाणीं स्फोट होऊन २५७ माणसें प्राणांस मुकलीं व सातशेंहून अधिक जखमी झालीं.

स्थळांची ही निवड पाहतां घातक्यांचा डोळा द्रव्यावरही होता, हें उघड आहे. परंतु मोठें द्रव्य लौकर सांवरतें. शुक्रवारीं हादरलेला शेअरबाजार सोमवारीं पुन्हां उघडला. २००१ सालीं न्यूयॉर्कचा बाजार सप्टेंबरच्या ११ तारखेस बंद पडला, तो १७ तारखेस सुरू झाला. आपल्याकडेही २००२ पासून अशा हानीकरितां विमाकंपन्यांनीं सामाईक निधि उभारिला आहे. ज्याची इमारत पडली त्यास भरपाई मागावयास जागा आहे. ज्याचें गिऱ्हाईकच भिऊन परतलें त्यानें कोणाकडे जावें?

ईजिप्तमधील लक्सर येथें १९९७ सालीं प्रवाशांची कत्तल झाली, २००२ सालीं बालीबेटांत २०२ माणसें मारलीं गेलीं. दोन्ही ठिकाणीं प्रवासी येईनासे झाले आणि नावाडी, वाटाडे, खाणावळवाले रिकामे बसले. २०२५ च्या एप्रिलांत पहलगाम येथें २६ जणांची हत्या झाल्यावर काश्मिरांतील घोडेवाल्यांवर तोच प्रसंग आला. स्पेनच्या बास्क प्रांतीं दहशत कित्येक वर्षें मुरत राहिली; तेथील दरडोई उत्पन्न त्यामुळें सुमारें दहा टक्क्यांनीं खालीं राहिलें, असें दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २००३ सालीं दाखविलें. आफ्रिकेंत चाड सरोवराच्या कांठीं तर बोको हरामच्या भयानें व लष्कराच्या बंदीनें मासेमारीच खुंटली. अनेक धंद्यांवर उभा असलेला देश धक्का सोसतो. एकाच धंद्यावर जगणारा गांव सोसूं शकत नाहीं.

आपला किनारा या दुसऱ्या वर्गांतला. २००८ च्या नोव्हेंबरांत घातकी 'कुबेर' नांवाची मासेमारी नौका बळकावून मुंबईस आले, आणि तेव्हांपासून प्रत्येक कोळ्याकडे संशयानें पाहण्याची चाल पडली. ओळखपत्रें, नौकांची नोंद, रंगाच्या खुणा, समुद्रांत तपासणी, हें सर्व आवश्यक होतें, याविषयीं माझें दुमत नाहीं. १८ ऑगस्ट २०२२ रोजीं हरिहरेश्वराजवळ बंदुका असलेली एक बेवारशी नौका लागली, तेव्हां सारा जिल्हा हादरला. ती मस्कतजवळ सोडून दिलेली नौका वाहत आली होती, हें मागाहून कळलें. पण अशा धास्तीच्या दिवशीं तपासणींत गेलेल्या वेळाचा आणि वितळलेल्या बर्फाचा हिशेब कोण मांडतो? राष्ट्राच्या पहाऱ्याचा खर्च राष्ट्रानें द्यावा, केवळ मच्छिमारानें नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे.

तथापि एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शेखाडीची वाट घातक्यांनीं नव्यानें पाडिली नव्हती. १९६८ च्या कायद्यानें सोन्यावर निर्बंध घातले, तेव्हां चोरट्या सोन्याचांदीस या खाड्यांनीं आश्रय दिला. कायदा १९९० सालीं रद्द झाला, पण वाटा, होड्या व लांच घेणारे हात कायम राहिले. पोलिस व कस्टम खात्यांतील कित्येक नोकरांस विशेष न्यायालयानें २००६-०७ सालीं या प्रकरणांत दोषी ठरविलें, तें यामुळेंच. मी त्या काळीं शाळकरी होतों. "माल उतरला" हें वाक्य वडीलधारी माणसें हंसत उच्चारीत. त्यांत कोणाचें कांहीं बिघडतें, असें आम्हां कोणासच वाटत नसे. वाहणाऱ्यास एका रात्रीची मजुरी मिळे, आणि पेटींत काय आहे हें विचारण्याची रीत नव्हती.

हल्लीं या किनाऱ्यावर चोरट्या डिझेलच्या बातम्या वारंवार येतात. "डिझेलच तर आहे, गुरुजी," असें मागें एका पालकांनीं मला ऐकविलें. मीं त्यांस शेखाडीची हकीकत सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत, परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांचा मुलगा वर्गांत ती तारीख विचारूं लागला.